झेंडा आणि प्लाझ्मा
अमेरिकेच्या मरीन दलाकडे स्वतःचे वैद्यकीय सेवक नसतात. रणांगणात त्यांच्या जखमा बांधतो तो नौदलाचा माणूस. अशांच्या आठवणी मला सेनापतींच्या आत्मचरित्रांपेक्षा खऱ्या वाटतात. सेनापती नकाशा पाहतो, हा रक्त कुठून वाहतंय ते. कुणी म्हणेल, स्मृती दगा देते: दुसऱ्या महायुद्धात इवो जिमा बेटावर असलेल्या जॉन ब्रॅडली या नौदलाच्या वैद्यकीय सेवकाचंच बघा, तिथं झेंडा उभारतानाच्या जगप्रसिद्ध छायाचित्रात तो असल्याचं मानलं जायचं, पण तो त्यात नव्हताच, असं २०१६ साली मरीन दलानंच मान्य केलं. कबूल, पण नेव्ही क्रॉस हे शौर्यपदक त्याला झेंड्यासाठी मिळालाच नव्हता. भर गोळीबारात वाळूत रायफल रोवून, तिला प्लाझ्मा टांगून त्यानं जखमी मरीनवर उपचार केले, म्हणून मिळाला. आर्लिंग्टनच्या मरीन स्मारकात पुतळा मात्र झेंड्याचाच. प्लाझ्माच्या बाटलीला वर्गणी कोण देणार!