भाड्याआधी हक्क पाहावा

पदरी थोडी शिल्लक पडली की ती घरजागेत घालावी, अशी आपल्या माणसांची स्वाभाविक ओढ असते. घर डोळ्यांस दिसते, भाडे महिन्याच्या महिन्याला हाती येते. त्यामुळे त्यातील धोका सहसा ध्यानी येत नाही. नव्याने या मार्गास लागणाऱ्याने उत्पन्नाच्या आधी हक्काचा विचार करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपले आप्तस्नेही मुंबई-ठाण्याहून आखातात नोकरीस जातात, म्हणून तेथीलच एक उदाहरण घेऊ.

मुऐदर ही कतारच्या राजधानीच्या, म्हणजे दोहाच्या, पश्चिमेकडील अल रय्यान नगरपालिकेतील वस्ती. कतारने 2018 च्या 16 क्रमांकाच्या कायद्याने परदेशीयांना मालमत्तेची वाट अधिक मोकळी केली. त्यानुसार 2020 मध्ये 9 विभागांत पूर्ण मालकी व 16 विभागांत 99 वर्षांचा उपभोगाचा हक्क जाहीर झाला. लुसैल आणि पर्ल बेट पहिल्या यादीत आहेत. मुऐदरचे नाव दोहोंपैकी एकाही यादीत नाही. म्हणून अशा वस्तीत परदेशी नोकरदार निराळीच वाट धरतो. अख्खा बंगला वर्षाच्या कराराने घ्यावयाचा, आत भिंती घालून खोल्या पाडावयाच्या आणि त्या पोटभाड्याने द्यावयाच्या. यालाच तो गुंतवणूक म्हणतो.

आता पाटीवर हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. बंगल्याचे भाडे दरमहा 10,000 रियाल; खोल्या 6, प्रत्येकीचे भाडे 2,200. जमा 13,200, शिल्लक 3,200. भिंती घालण्यास 30,000 रियाल खर्च झाला असे धरू. एकही खोली रिकामी न राहिली तरी तो खर्च भरून निघण्यास नऊ महिन्यांहून अधिक काळ लागेल. दोन खोल्या रिकाम्या राहिल्या, तर जमा 8,800 आणि खिशातून दरमहा 1,200 जाणार. चौथ्या महिन्याअखेर नगरपालिकेने भिंती पाडावयास लावल्या, तर तोवर 12,800 परत आले, 17,200 बुडाले. वीज-पाणी यात धरलेलेच नाही.

हा धोका काल्पनिक नव्हे. तेथे परवान्यावाचून बांधकामात फेरफार करता येत नाही आणि मालकाच्या लेखी संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवता येत नाही. शिवाय भाड्यापोटी पुढील तारखांचे धनादेश आगाऊ देण्याची तेथे रीत आहे आणि धनादेश न वटणे हा तेथे फौजदारी गुन्हा ठरू शकतो. म्हणजे मालकी दुसऱ्याची, जोखीम मात्र सर्वस्वी आपली!

कोणी म्हणेल, सारेच असे करतात. पण सारेच करतात म्हणून करार पक्का होत नाही. जमीन आपली नसणे हाच दोष, असेही आमचे म्हणणे नाही. इस्रायलमध्ये सुमारे 93 टक्के भूमी सार्वजनिक मालकीची आहे. आपल्यांपैकी कित्येकांची घरे दीर्घ मुदतीच्या पट्ट्यावर उभी आहेत. परंतु त्या हक्काची नोंद असते. तो विकता येतो, मुलाबाळांना देता येतो. मुऐदरच्या पोटभाड्याच्या व्यवहारात मुलांच्या हाती देण्यासारखे काय उरते?

रीतसर विभागात घर घेतले तरी एक गोष्ट उरतेच. पगार आणि भाडे ही दोन्ही एकाच विहिरीचे पाणी होत. शेजारी राष्ट्रांनी 2017 ते 2021 या काळात कतारवर बहिष्कार घातला होता. 2022 च्या विश्वचषकापूर्वी भाडी चढली आणि नंतर उतरली. मंदीत नोकरी गेली तर त्याच वेळी भाडेकरूही जाण्याचा संभव असतो. म्हणून जेथे मिळवावे तेथेच सारे गुंतवू नये.

सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. नोंद कोणाच्या नावे होणार? चार महिने घर रिकामे राहिल्यास हप्ता कोठून भरणार? आणि उद्या देश सोडावा लागला, तर हा हक्क विकत घेणारा कोणी आहे काय? यांची उत्तरे कागदावर मिळाल्याखेरीज भाड्याचा आकडा विचारणे म्हणजे तीळ न पाहता तेलाचे माप ठरविणे होय. घाम गाळून साठविलेल्या पैशाचा एवढा तरी मान आपण राखावा.