शटर लांबून बंद करायचं बटण मी विकत नाही



ट्रेनिंगला येणाऱ्या पोरांकडून हल्ली एक आयडिया हमखास येते. परदेशातल्या व्हिडिओत लोक गॅरेजच्या दाराला स्वस्तातली ईएसपी चिप आणि रिले लावतात. मोबाईलवर बोट ठेवलं की दार वर, पुन्हा ठेवलं की खाली. "सर, हेच दुकानाच्या शटरला करून विकलं तर?"

बाजार आहे, नाही कशाला म्हणू? कुंभारीत गॅरेज शोधावं लागेल, पण शटर प्रत्येक गाळ्याला आहे. जानेवारी २०२४ मध्ये रे नगरच्या पहिल्या १५ हजार घरांचं लोकार्पण झालं. एवढी कुटुंबं राहायला आली की किराणा, मेडिकल, पिठाची गिरणी सगळं लागणार, आणि प्रत्येकाला शटर.

पण माझं मत जरा उलटं आहे. शटर उघडं आहे की बंद, हे सांगणारा सेन्सर विका. लांबून बंद करायचं बटण विकू नका, निदान सुरुवातीला तरी.

आधी गिऱ्हाईक बघा. छोट्या दुकानांची बहुतेक शटर स्प्रिंगवर हातानं ओढायची असतात, मोटर मोठ्या गाळ्यांना. बटण विकायला गेलात की आधी मोटर विकावी लागते. सेन्सर मात्र कुठल्याही शटरला बसतो. आणि रात्री साडेदहाला जेवायला बसल्यावर "आपण शटर लावलं ना?" हा किडा दुकानदाराच्या डोक्यात हटकून वळवळतो. मी स्वतः किती वेळा अर्ध्या रस्त्यातून गाडी वळवलीय, विचारू नका.

सामान थोडं आहे. ईएसपी८२६६ चा बोर्ड, मोबाईलचा चार्जर, आणि चुंबकावर चालणारा रीड स्विच. इथं पोरं फसतात. लाकडी दाराचा छोटा पांढरा स्विच लोखंडी शटरला लावतात. लोखंडामुळे चुंबकाची ताकद घटते आणि शटर थोडं हललं की खोटा मेसेज. जाड, धातूच्या खोक्यातला, रुंद फटीवर चालणारा शटरचाच स्विच घ्या. वायर लांब असेल तर दहा किलोओहमचा रेझिस्टर टाका, नाहीतर शेजारची मोटर सुरू झाली तरी तुमचा मोबाईल वाजेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लाईट गेली की राऊटर बंद, बोर्ड बंद. मोबाईलवर मात्र शेवटचं "बंद" तसंच दिसत राहतं. मालक निवांत झोपतो आणि शटर उघडं असू शकतं! म्हणून बोर्डानं दर पाच मिनिटांनी हजेरी लावायची, आणि दोन-तीन हजेऱ्या चुकल्या की ॲपवर "माहिती नाही" असं आलं पाहिजे. हे तपासणारा प्रोग्राम दुकानाबाहेर, सर्व्हरवर हवा. लाईट गेल्यावर दुकानातला बोर्ड स्वतः काय सांगणार? राऊटरला छोटा यूपीएस दिला तर उत्तमच.

आता बटणाकडे येतो. माझ्या दुकानात मोटरचं शटर आहे, तिथं मी हा प्रयोग केला होता. कंट्रोल बॉक्सच्या पुश बटणाला समांतर रिले. आठवडाभर मस्त चाललं. मग एका संध्याकाळी लाईट गेली, परत आली, आणि शटर आपोआप वर सरकायला लागलं. चूक माझीच होती. बोर्ड सुरू होताना काही पिना क्षणभर आपोआप चालू होतात, आणि मी रिले नेमका तसल्या पिनेवर जोडला होता. डी१ किंवा डी२ वापरली असती तर हे टळलं असतं. मी दुकानातच होतो म्हणून ठीक. रात्री दोनला लाईट आली असती तर?

तेही शटर वर जात होतं. खाली येणाऱ्या शटरखाली पोरगं चेंडू काढायला वाकलेलं असू शकतं, पायरीवर कुत्रं झोपलेलं असतं. दुकानात उभा माणूस ते बघतो, सोलापुरात बसून बोट दाबणाऱ्याला काय दिसणार? अमेरिकेत दाराखाली मुलं सापडून दगावली, तेव्हा कायदा झाला. १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती गॅरेज ओपनरला अडथळा आला की उलटं फिरायची आणि माणूस अडकू नये म्हणून जादा संरक्षणाची सोय सक्तीची झाली. म्हणून तिथं दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून सहा इंचांच्या आत ते प्रकाशाचे डोळे दिसतात. व्हिडिओतला माणूस चिप लावतो तेव्हा ही सोय त्याच्या मशीनमध्ये आधीच असते. आपल्या शटरमोटरमध्ये ती आहे का, हे तुम्ही बघितलंय?

गिऱ्हाईकानं हट्टच धरला तर माझी अट ठरलेली आहे. आधी डोळे बसवायचे, त्यांची वायर तुटली तरी शटर खाली येता कामा नये, आणि हलायच्या आधी दिवा-भोंगा वाजला पाहिजे. मोटरच्या मेन लाईनला वायरमनशिवाय हात लावायचा नाही. हा सगळा खर्च सांगितला की दहातले आठजण म्हणतात, "राहू द्या, सेन्सरच लावा." एकजण मात्र दुसरीकडून बटण बसवून आला आणि "तुम्ही उगाच घाबरवता" म्हणाला. म्हणू दे. त्याच्याकडे सेन्सरचं वार्षिक मेंटेनन्स माझंच आहे. जातो तेव्हा डोळ्यांचा विषय काढतोच.