जाळरेषेची तारीख गावाला आधी कळवा



बालाघाटाच्या डोंगरावर वणवा लागला की गुराख्यांकडे आणि शेतकऱ्यांकडे बोट दाखवले जाते. धुऱ्यावरचे गवत जाळताना आग वर चढते, हे खरे आहे. पण वणवा अडावा म्हणून वन विभाग स्वतः जी आग लावतो, तिचे नियम गावाला कुठे माहीत असतात?

जाळरेषेचे, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवताचा पट्टा आधीच जाळून मोकळा करण्याचे काम गरजेचे आहे, माझा त्याला विरोध नाही. मात्र ते वेळेत व्हायला हवे. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याआधी सकाळच्या वेळी, गवतात थोडी ओल असताना आणि वारा पडलेला असताना पट्टा जाळला तर आग बुटकी राहते. तेच काम मार्चच्या दुपारी केले तर ती आवरत नाही. तेव्हा ज्वारी निघून कडब्याच्या गंज्या शिवारात उभ्या असतात.

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे. वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी किंवा राज्य सरकारचा नियम असेल तर त्याच कलमात सूट आहे. शिवाय मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने वणवा लागला तर सरकार तिथले चराईचे हक्क थांबवू शकते. म्हणजे काडी एकाने लावली तरी गुरे साऱ्या गावाची उपाशी. गावावर एवढा भार टाकणाऱ्या सरकारने स्वतःच्या आगीची जबाबदारीही नियमात लिहावी. कोणता पट्टा, कोणत्या दिवशी, कोणाच्या देखरेखीखाली जळणार, हे आठ दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावे. आग शेतात शिरली तर पंचनामा करून भरपाई मिळावी. आणि मजुरांचे काय? एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याची आग विझवताना तीन हंगामी मजूर होरपळून गेले. विमा आणि साहित्य दिल्याशिवाय कोणालाही आगीजवळ उभे करू नये.

जाळरेषेबाहेर मात्र सरसकट जाळणे नकोच. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. आमच्या डोंगरांवर मुरमावर मातीचा पातळ थर आहे; तो उघडा पडला की जूनच्या पहिल्या पावसात वाहून जातो. तित्तर-लाव्यांची घरटी गवतातच असतात. वडवळ नागनाथच्या ‘बेट’ म्हणवल्या जाणाऱ्या टेकडीवर तर औषधी वनस्पतींची नोंद झाल्याशिवाय जाळरेषाही आखू नये.

दिवाळीनंतर गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा द्या. जळायला उरेल कमी आणि चाराटंचाईत गुरांच्या तोंडी घास पडेल. गवताच्या नावाखाली झाडे तुटतील, ही भीती रास्त आहे. म्हणून संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत पास द्यावेत, दिवस ठरवून द्यावेत आणि वनरक्षकाने हजर राहावे.

अहमदपूर तालुक्यातील जाळरेषांचा नकाशा आणि तारखा वन विभागाने यंदा डिसेंबरअखेर प्रत्येक लगतच्या ग्रामसभेपुढे ठेवाव्यात, अशी माझी मागणी आहे.

– एक शेतकरी, अहमदपूर (जि. लातूर)