कराटेचा उगम : श्रद्धेने नव्हे, पुराव्याने

पहाटे मैदानावर अनवाणी पायांनी उभे राहून, मुठी आवळून, पोटातून घोगरा श्वास सोडणाऱ्या मुला-मुलींच्या रांगा आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात असतील. आपल्या शाळेत शिकवली जाणारी कराटेची शैली म्हणजे गोजू-र्‍यू. 'गो' म्हणजे कठोर आणि 'जू' म्हणजे मृदू. लांबून उंच लाथा झाडण्याची ही विद्या नव्हे. प्रतिस्पर्ध्याच्या हाताला हात भिडल्यावर तिचे खरे काम सुरू होते. मनगट चिकटवून ठेवणे, ओढणे, सांधा पिळणे, कोपर व गुडघा वापरणे आणि लाथ मारलीच तर ती कमरेखाली, असा तिचा घाट आहे.

इतिहासाचा शिक्षक या नात्याने मी कित्येक वर्षे या मुलांना सांगत आलो की, कराटे ही बोधिधर्म या भारतीय भिक्खूची जगाला देणगी आहे. कांचीपुरमचा राजपुत्र, चीनमधील शाओलिन विहार, ध्यानाने कृश झालेले भिक्खू आणि त्यांना शिकवलेले व्यायाम, ही कथा इतकी सुबक आहे की सभागृहात टाळ्या हमखास पडतात. मग एकदा नववीच्या वर्गात एका मुलीने विचारले, "सर, हे कोणत्या साधनात लिहिले आहे?" 'साधन' हा शब्द तिला मीच शिकवला होता. मला उत्तर देता आले नाही. त्या ओशाळेपणातून पुढचे वाचन झाले आणि त्यातूनच हा लेख.

बोधिधर्माचा सर्वांत जुना उल्लेख इसवी सन ५४७ च्या सुमारास लिहिलेल्या, लोयांगच्या विहारांचे वर्णन करणाऱ्या एका चिनी ग्रंथात सापडतो. तेथे तो पर्शियाकडून आलेला भिक्खू आहे. दुसऱ्या एका जुन्या चरित्रात तो दक्षिण भारतातील राजाचा तिसरा पुत्र आहे. मुष्टियुद्धाचा उल्लेख दोन्हीकडे नाही. त्याच्या नावाशी व्यायामविद्या जोडणारा 'यीजिन जिंग' हा ग्रंथ सतराव्या शतकातील, म्हणजे हजारांहून अधिक वर्षांनंतरचा. त्याला जोडलेल्या प्रस्तावना बनावट असल्याचे तांग हाओ या चिनी इतिहासकाराने विसाव्या शतकात दाखवून दिले. ऐकीव परंपरेवर विसंबू नये हे कालाम सुत्तात आपण वाचतो. ते आपल्याला प्रिय असलेल्या परंपरेलाही लागू आहे.

मग गोजू-र्‍यू आली कोठून? ती ओकिनावा बेटावरील नाहा या बंदरातून आली. हे बेट पूर्वी र्‍यूक्यू नावाचे स्वतंत्र राज्य होते. १६०९ मध्ये जपानच्या सात्सुमा सरदारांनी ते जिंकले आणि १८७९ मध्ये जपानने ते पूर्णपणे गिळंकृत केले. चीनशी मात्र त्याचा शतकानुशतके व्यापार होता आणि नाहाची जहाजे फुजियान प्रांतातील फूचौ बंदराला लागत. हिगाओन्ना कानर्‍यो (१८५३–१९१५) फूचौला गेले, तेथे मुष्टिविद्या शिकले आणि परतून नाहात शिकवू लागले. त्यांचे शिष्य मियागी चोजुन (१८८८–१९५३) हे या शैलीचे संस्थापक. गुरूच्या निधनानंतर तेही फूचौला जाऊन आले.

पुरावा मागणाऱ्या त्या मुलीला आज मी कातांची नावे दाखवीन. काता म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम. सेइसान म्हणजे तेरा, सेइपाइ अठरा, सान्सेरू छत्तीस आणि सुपारिन्पेइ एकशे आठ. या संख्या नेहमीच्या जपानी उच्चारातल्या नाहीत. त्यांच्यात फुजियानची बोली ऐकू येते. गावाच्या नावात जुनी वस्ती टिकून राहावी तसा या शब्दांत विद्येचा प्रवास टिकला आहे. एकशे आठ हा आकडा बौद्ध जगात परिचित आहे आणि विहारांची काही छाया येथे असेलही. पण छाया म्हणजे जन्मदाखला नव्हे.

फुजियानच्या श्वेत क्रौंच शैलीचा ठसा गोजू-र्‍यूवर आहे, असे अभ्यासक मानतात. ती शैली फांग चिन्यांग या स्त्रीने निर्माण केली, अशी आख्यायिका आहे. काठीने हुसकावूनही न हटणाऱ्या क्रौंच पक्ष्याच्या हालचाली पाहून तिला ती सुचली, असे सांगतात. आख्यायिकाच ती, परंतु मूळपुरुष म्हणून एका स्त्रीचे नाव सांगणारी परंपरा आमच्या मुलींना ठाऊक असावी असे मला वाटते. ही कथा 'बुबिशी' या चिनी हस्तलिखितात आहे आणि त्याच हस्तलिखितातील एका ओळीवरून मियागींनी शैलीला नाव दिले. १९३३ मध्ये जपानच्या 'दाई निप्पॉन बुतोकुकाई' या युद्धकला-संस्थेत ते नोंदले गेले.

आता 'कराटे' या शब्दाविषयी. त्याचा पूर्वीचा अर्थ 'चिनी हात' असा होता. उच्चार तोच ठेवून 'चिनी'च्या जागी 'रिक्त' या अर्थाचे अक्षर आले. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहा येथील बैठकीत जाणत्या शिक्षकांनी या बदलाची चर्चा केली. मियागी तेथे उपस्थित होते. हे अक्षर बौद्ध ग्रंथांत शून्यतेसाठी वापरतात, म्हणून आपण हरखतो. पण काळ पाहा. पुढच्याच वर्षी जपानने चीनवर सर्वंकष युद्ध लादले. चीनचे नाव पुसणे सोयीचे होते, आणि ओकिनावाच्या माणसांना जपानी म्हणून स्वीकारले जाण्याची निकड होती. १९०३ च्या ओसाका प्रदर्शनात 'मानवजाती मंडपा'त ओकिनावाच्या स्त्रियांना चक्क मांडून ठेवले होते. ओकिनावाच्या वृत्तपत्राने निषेध केला, पण त्या निषेधातही एक सूर असा होता की, आम्हाला ऐनू आणि तैवानच्या आदिवासींच्या पंक्तीत का बसवले? श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगावे लागत नाही.

ज्यांचे राज्य गेले, भाषा हिणवली गेली, त्यांनी ही विद्या जपली. मियागींचे अग्रणी शिष्य शिन्झातो जिन्आन १९४५ च्या ओकिनावाच्या युद्धात मारले गेले. तरी त्या उद्ध्वस्त बेटावर मियागी पुन्हा शिकवू लागले. आपली मुले प्रारंभी शिकतात तो गेकिसाई काता १९४० च्या सुमारास नवशिक्यांसाठी त्यांनीच रचला. या माणसांचे श्रेय काढून ते आपल्या एका पूज्य नावाला बहाल करणे मला अन्यायाचे वाटते. आपला इतिहास असाच दुसऱ्यांनी आपल्या नावावर चढवलेला आपण पाहिला आहे.

सराव-सभागृहाच्या भिंतीवर 'कराटेचे जनक बोधिधर्म' असा फलक लावण्याची सूचना आली आहे. सूचना करणारे पालक माझ्या आदराचे आहेत, पण माझा तिला विरोध आहे. ध्यानपरंपरेचे आचार्य म्हणून बोधिधर्माचे चित्र वाचनालयात जरूर लावावे. सराव-सभागृहासाठी मी पर्यायी मजकूर व्यवस्थापनाकडे दिला आहे. त्यात फूचौ, नाहा, हिगाओन्ना आणि मियागी एवढीच नावे आहेत. ज्यांना तो पटत नसेल त्यांनी अवश्य भेटावे, मात्र येताना साधन घेऊन यावे.