एकाच चाचणीवर दोन ओझी

शाळांची मोजदाद करण्यात महाराष्ट्र मागे नाही. केंद्राच्या कामगिरी श्रेणी निर्देशांकात २०२०-२१ साली राज्याने १००० पैकी ९२८ गुण मिळवले. मात्र त्या निर्देशांकात मुलांना काय येते यासाठी १८० गुण होते आणि प्रशासकीय प्रक्रियांसाठी बरोबर दुप्पट, ३६०. पोर्टलवर माहिती वेळेत चढली की गुणवत्ताही चढली, असा समज याच हिशेबातून पोसला जातो. यवतमाळ जिल्ह्यात हा समज फारच महागात पडतो. झरी जामणी, मारेगाव, केळापूरकडच्या पोडांवरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवरून, पहिलीत येणारे मूल घरी कोलामी बोलते. ती द्राविड कुळातली भाषा. पुसद-दिग्रस भागातल्या तांड्यांवर बंजाऱ्यांची गोरमाटी चालते. असे मूल मराठी उतारा वाचताना अडखळले, तर त्याला अक्षर ओळखता आले नाही की शब्दच परका होता? गुणतक्त्यात दोन्हींना भोपळाच. शिकवणाऱ्याला मात्र दोन्हींवर वेगळे उपाय करावे लागतात.

यावर कुणी म्हणेल, आकडेच नसतील तर पोडावरच्या शाळेकडे लक्ष कोण देणार? आक्षेप रास्त आहे. ‘असर’च्या पाहणीने २००५ पासून घरोघरी मुलांकडून वाचून घेतले, म्हणूनच पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, हे देशाला कळले. पण ती नमुना पाहणी होती आणि ती करणाऱ्यांना स्वतःची शाळा सांभाळायची नव्हती. याउलट शाळांमध्ये होणाऱ्या नियतकालिक चाचणीत शिक्षकच पेपर घेतो, तोच तपासतो, तोच गुण भरतो आणि त्याच गुणांवरून त्याची शाळा जोखली जाते. मग कच्चे मूल कच्चे म्हणून नोंदवण्यात त्याचा काय फायदा? शिक्षकांना लबाड ठरवायचे कारण नाही. व्यवस्थाच तशी बेतली आहे: मुलाची अडचण शोधणे आणि शाळा जोखणे, ही दोन्ही ओझी एकाच चाचणीवर. जिल्ह्याचे चित्र हवे असेल तर बाहेरच्यांकडून नमुना तपासणी करावी. वर्गातली चाचणी शिक्षकाकडेच राहू द्यावी, तिचे गुण वर मागूच नयेत. केंद्रप्रमुखाने दप्तर तपासण्याऐवजी तिसरीच्या मुलांचे वाचन ऐकावे, आणि पोडावर जाताना कोलामी जाणणारे माणूस सोबत न्यावे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ शक्य तितके मातृभाषेतून शिकवायला सांगतेच. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानाची मुदत २०२६-२७ ची आहे, तोवर एवढा बदल करायला नवे पोर्टल लागत नाही.