डुबकीनंतरचा मोकळा दिवस

बालीच्या ईशान्य किनाऱ्यावर तुलांबेन नावाचे गाव आहे. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने फुटलेले ‘लिबर्टी’ हे अमेरिकी मालवाहू जहाज ओढत आणून तिथे किनाऱ्याला लावले गेले. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि ते पाण्यात ढकलले गेले. आज त्या पोलादावर प्रवाळ वाढले आहे, माशांनी घर केले आहे. आपल्याकडचे पर्यटकही बालीला हौसेने जातात. त्यातले काही जण हे जहाज पाहायला पाण्यात उतरतात. जरूर उतरावे. माझी चिंता पाण्याबाहेर आल्यानंतरची आहे.

जहाजाचा खोल भाग सुमारे ३० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब जमिनीवरच्या चौपट असतो. या दाबाने श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो. हळूहळू वर आल्यास तो श्वासावाटे निघून जातो, पण सगळा लगेच नाही. उरलेला जायला काही तास लागतात. तेवढ्यात बाहेरचा दाब आणखी घटला, तर सोड्याची बाटली उघडावी तसे शरीरात बुडबुडे होतात. यालाच ‘डिकम्प्रेशन सिकनेस’ म्हणतात.

विमानातल्या केबिनमध्ये दाब कमी असतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. डोंगरावरही तेच. सकाळी तुलांबेनला डुबकी आणि दुसऱ्या पहाटे १,७१७ मीटर उंच बातूरवर सूर्योदय, हा कार्यक्रम म्हणूनच धोक्याचा. एका साध्या डुबकीनंतर किमान १२ तास, अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास विमान आणि उंच डोंगर टाळावेत. २४ तास थांबणे अधिक चांगले.

खांदा किंवा कोपर दुखणे, अंगावर चट्टे, मुंग्या, चक्कर, पायातली शक्ती जाणे, लघवी अडणे ही लक्षणे ‘प्रवासाचा शीण’ म्हणून सोडू नयेत. तातडीने शुद्ध ऑक्सिजन आणि दाबकक्षातील उपचार मिळाले, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. ऑक्सिजनने बरे वाटले तरी तपासणी टाळू नये. घरी परतल्यावर त्रास झाला, तर डॉक्टरांना डुबकीचे आवर्जून सांगा. आम्हा डॉक्टरांनीही ते विचारायला हवे.

सहल कंपन्या आठवड्यातला एकेक तास विकतात. डुबकीनंतरचा एक दिवस त्यांनी कार्यक्रमपत्रिकेत मोकळा ठेवावा. नसेल, तर पैसे भरण्यापूर्वी आपणच तो मागून घ्यावा.