एका ओळीची किंमत



नाताळच्या सुटीत आमच्या धर्मग्रामातील एक तरुण वडोदऱ्याहून घरी आला होता. तेथील एका सरकारी कार्यालयात, खरेदी व करार विभागात, तो नोकरीस आहे. त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या मातेने माझ्यापाशी गाऱ्हाणे मांडले. "फादर, ह्याचा थोरला भाऊ गवंडीकाम करतो, धाकटा वाडीत राबतो. त्यांचे काम डोळ्यांना दिसते. हा मात्र दिवसभर कागद वाचतो म्हणे! वाचण्याचा का कोणी पगार देते?"

सारे हसले. तो तरुण मात्र शांतपणे म्हणाला, "आई, पुढे भांडण होऊ नये म्हणून मी आधी वाचतो."

हे उत्तर माझ्या मनात घर करून राहिले. आपली अनेक मुले-मुली आज शिकून अशा नोकऱ्यांत शिरत आहेत, आणि त्यांचे काम काय ते घरच्यांस ठाऊक नसते. म्हणून आज त्याविषयी चार शब्द.

घरातील गृहिणी बाजारात जाते, भाव विचारते, आणि बहुधा ओळखीच्या दुकानातून जिन्नस घेते. त्यात गैर काहीच नाही, कारण पैसा तिचा असतो. सरकारला असे ओळखीचे दुकान नसते, आणि नसावेही. कारण पैसा सर्वांचा असतो. म्हणून निविदा काढावी लागते. काय हवे, किती हवे, कोणत्या प्रतीचे हवे, हे आधी लिहून जाहीर करावयाचे. बोली लावणाऱ्याकडून बयाणा रक्कम घ्यावयाची. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे ती सामान्यतः अंदाजित किमतीच्या शेकडा २ ते ५ असते. मोठ्या कामांत पुष्कळदा प्रथम गुणवत्तेचे पाकीट उघडतात, आणि त्यात जे उतरले त्यांचेच दराचे पाकीट नंतर उघडतात. आता बरेचसे व्यवहार संगणकावर होतात. केंद्र सरकारने २०१६ साली त्याकरिता ई-बाजारपेठही उघडली. साधन बदलले, तरी मूळ प्रश्न जुनाच आहे: कागदावर काय लिहिले आहे?

एका ओळीला किती मोल असू शकते, ह्याचे उदाहरण वडोदऱ्याशीच निगडित आहे. गुजरात ऊर्जा विकास निगम ह्या सरकारी कंपनीचे मुख्य कार्यालय त्या शहरात आहे. जुन्या गुजरात वीज मंडळाची २००५ साली पुनर्रचना झाली, तेव्हापासून ही कंपनी वीज विकत घेऊन गुजरातच्या वितरण कंपन्यांना पुरविते. केंद्र सरकारच्या एका योजनेखाली कच्छमधील मुंद्रा येथे ४००० मेगावॅटचे वीजकेंद्र उभारण्याकरिता निविदा मागविण्यात आल्या. ते काम टाटा पॉवर कंपनीस मिळाले. २२ एप्रिल २००७ रोजी, पंचवीस वर्षे वीज घेण्याचा करार झाला. पंचवीस वर्षांचा एकत्र हिशेब करून काढलेला दर होता युनिटला २ रुपये २६ पैसे. खरेदीदार राज्ये पाच होती: गुजरात, महाराष्ट्र, पंजाब, राजस्थान आणि हरयाणा. प्रमुख खरेदीदार वडोदऱ्याची कंपनी. महाराष्ट्राचा वाटा ७६० मेगावॅटचा होता. म्हणजे हा व्यवहार आपल्या गावच्या दिव्यांनाही परका नव्हता.

हे केंद्र आयात कोळशावर चालावयाचे होते, आणि कोळसा प्रामुख्याने इंडोनेशियातून यावयाचा होता. २०१० साली त्या देशाने नियम केला की निर्यातीचा कोळसा यापुढे जागतिक बाजाराशी जोडलेल्या भावानेच विकला जाईल, आणि जुने करारही त्याप्रमाणे बदलले पाहिजेत. कोळसा महागला. विजेचा ठरलेला दर मात्र कागदावर बांधलेला. कंपनीने दर वाढवून मागितला.

आता साऱ्यांचे डोळे करारातील मोजक्या ओळींवर खिळले. कायदा बदलला तर भरपाई मिळेल, असे करारात होते. परंतु 'कायदा' म्हणजे कोणत्या देशाचा? अपरिहार्य आपत्ती कोसळली तर सूट मिळेल, असेही होते. परंतु महागाई ही आपत्ती म्हणावयाची काय? केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१३ साली कंपनीस दिलासा दिला. अपिलीय न्यायाधिकरणाचा निर्णयही २०१६ साली तिच्या बाजूने झुकला. अखेर ११ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरविला. करारातील कायदा म्हणजे भारताचा कायदा. कोळसा महागल्याने करार पाळणे जड झाले, अशक्य झाले नाही. शिवाय बोली लावताना इंधनाचा दर बदलता ठेवण्याची मुभा होती, तेव्हा धोका जाणूनच पत्करला होता, असा त्या निर्णयाचा आशय.

कागद नीट लिहिला होता म्हणून पाच राज्यांच्या ग्राहकांचे रक्षण झाले, असे म्हणून मी येथेच थांबलो असतो. परंतु ते अर्धेच सत्य होईल. निकालाने तोटा नाहीसा झाला नाही. २०१८ साली गुजरात सरकारला तोडगा शोधण्याकरिता समिती नेमावी लागली. २०२२ साली देशात विजेची टंचाई पडली, तेव्हा आयात कोळशावरील केंद्रे पूर्ण क्षमतेने चालविण्याचा आदेश केंद्र सरकारला द्यावा लागला, आणि वाढीव इंधनखर्चाची सोयही करावी लागली. कागदावरचा विजय आणि घरातला दिवा ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. समोरच्याला घट्ट बांधणे एवढीच करार लिहिणाऱ्याची विद्या नव्हे. स्वस्त दर पाहून हुरळून न जाता, हे ओझे त्याला वाईट दिवसांत पेलेल काय, हेही चांगल्या दिवसांतच विचारावे लागते.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. त्या तरुणाच्या घरून परतल्यावर दोन दिवसांनी एक परिचित गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या नातलगाला त्या कार्यालयातील एका कामाकरिता निविदा भरावयाची होती. पाच वर्षांच्या अनुभवाची अट होती. ह्यांच्यापाशी तीन वर्षांचाच होता. "फादर, मुलगा आपल्याच गावचा आहे. तुमची एक चिठ्ठी पुरे. एक ओळ तर बदलायची आहे!"

गृहस्थ वाईट नव्हते. आमच्या शाळेच्या कौलांकरिता त्यांनी एकदा सढळ हाताने मदत केली होती. मी लेखणी हातात घेतलीही, हे कबूल केले पाहिजे. मग वाटले, पाच वर्षांची अट वाचून जे मुकाट्याने दूर राहिले, त्यांच्या गावच्या फादरांनी कोणाला चिठ्ठी लिहावी? अट अन्यायाची असेल, तर ती सर्वांकरिता, उघडपणे, शुद्धिपत्रक काढून बदलता येते. तसा लेखी अर्ज करण्याची वाटही मोकळी असते. माझ्या चिठ्ठीने ती एकट्याकरिता बदलली असती. आणि उद्या चौकशी झाली असती, तर खुलासा मला नव्हे, त्या पोराला द्यावा लागला असता.

मी लेखणी खाली ठेवली. गृहस्थ नाराज होऊन गेले. अजून रस्त्यात भेटले तर तुटक बोलतात.

आईबापांनो, आपला मुलगा वा मुलगी अशा जागी असेल, तर बाहेरच्या लाचखाऊंची भीती त्यांना आपण घालतोच. परंतु त्यांची खरी कसोटी बहुधा आपल्याच उंबरठ्यावर होते. मिठाईचा पुडा घेऊन आलेला मामा, शेजारी, कधी फादरसुद्धा, "एवढे कर ना" असे म्हणतो. परक्याला नाही म्हणणे त्यांना सोपे जाते. आपल्याला नाही म्हणताना त्यांचा जीव तुटतो. तो प्रसंग आपण त्यांच्यावर आणू नये. चिठ्ठी घेऊन कोणी दारी आले, तर ती आपणच परत करावी.

आणि त्या माउलीस एवढेच सांगणे: तुमचा थोरला भिंत रचताना ओळंबा लावतो ना? मधल्याच्या हाती कागद आहे, पण तोही तेच करीत असतो.